मापकाचे माप

आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाच्या कपाटात तळहातावर मावेल एवढे एक यंत्र आहे. त्याला एक लहानसा पडदा, एकच कळ, नऊ व्होल्टची बॅटरी आणि सुटे भाग खोचण्यासाठी बारीक भोकांची एक पट्टी आहे. बाजारात त्याला ट्रान्झिस्टर टेस्टर म्हणतात. नाव ट्रान्झिस्टरचे असले तरी त्याचा संचार मोठा आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, कॉईल, काहीही आणून त्या भोकांत खोचावे आणि कळ दाबावी. चार-दोन सेकंदांत त्या वस्तूचे चिन्ह, तिचा कोणता पाय कोणता याची ओळख आणि तिचे मोजमाप पडद्यावर उमटते. एवढ्या विद्येची किंमत साडेसहाशे रुपये!

मी कलाशाखेची पदवीधर. शाळेत मराठी आणि इतिहास शिकविते. तेव्हा असल्या यंत्राविषयी लिहिण्याचे धाडस हिने का करावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की, गेल्या वर्षी विज्ञानाचे सर दोन महिन्यांच्या रजेवर गेले आणि मुख्याध्यापकांनी त्या कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली. त्या दोन महिन्यांत या यंत्राच्या शब्दावर विसंबून मी एका विद्यार्थ्याला चारचौघांत खोटे पाडले. तो खरा होता. दोष नेमका कोणाचा, हे शोधता शोधता जे मला समजले, ते येथे मांडीत आहे.

नववीतील हा मुलगा घरच्या पंख्याचा बिघडलेला रेग्युलेटर घेऊन आला होता. त्याचे वडील वायरमन आहेत, त्यामुळे अशा वस्तू त्याला परक्या नाहीत. रेग्युलेटरची किल्ली कशीही फिरविली तरी पंखा भरवेगानेच फिरे. या रेग्युलेटरात ट्रायक नावाचा तीन पायांचा एक भाग असतो. ट्रायक म्हणजे विजेच्या वाटेवरचे दार होय. त्याच्या एका पायाला गेट म्हणतात. गेटमधून थोडासा प्रवाह सोडला की उरलेल्या दोन पायांमधली मोठी वाट खुली होते, आणि एकदा खुली झालेली वाट तिच्यातला प्रवाह ओसरेपर्यंत बंद होत नाही. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. म्हणजे दर सेकंदाच्या शंभराव्या भागाला तो एकदा ओसरून शून्यावर येतो आणि दार आपोआप मिटते. प्रत्येक खेपेस ते पुन्हा लवकर उघडावे की उशिरा, एवढेच रेग्युलेटर ठरवितो. लवकर उघडले तर पंखा वेगाने फिरतो, उशिरा उघडले तर सावकाश.

मुलाने ट्रायक सोडवून आणला होता. “टीचर, हा बरा आहे, दोष दुसरीकडे असावा,” असे तो म्हणाला. मी तो भाग यंत्राच्या भोकांत खोचून कळ दाबली. पडद्यावर रेझिस्टरचे चिन्ह आणि काही ओहमांचा आकडा आला. ट्रायकचा उल्लेखही नाही! दार जळून कायमचे उघडे राहिले असेल तर पंखा भरवेगाने फिरणारच, असा तर्क मी तेथल्या तेथे बांधला आणि तो मला फारच आवडला. “यंत्र काही खोटे बोलणार नाही. हा जळाला आहे, टाकून दे,” असे मी सांगितले. दोघे-तिघे हसले. मुलाने काही न बोलता तो भाग केराच्या टोपलीत टाकला.

पुढच्या शुक्रवारी त्याने म्हापशाच्या बाजारातून नवा ट्रायक आणला आणि माझ्यासमोर त्याच यंत्रात खोचला. पडद्यावर पुन्हा तेच चिन्ह! दुकानदाराने खराब माल दिला असेल, असे मी म्हणाले. पण म्हणतानाच माझा आवाज खाली आला होता. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्याचे वडील एक मोटारसायकलचा दिवा, एक १२ व्होल्टची बॅटरी आणि तारेचे दोन तुकडे घेऊन शाळेत आले. त्यांनी बॅटरी, दिवा आणि ट्रायकची मोठी वाट एका मालिकेत जोडली. दिवा पेटला नाही. मग त्यांनी एका रेझिस्टरमधून गेटला क्षणभर स्पर्श केला. दिवा पेटला, आणि तार दूर नेली तरी पेटलेलाच राहिला. “टीचर, यंत्राक सगळें कळना,” एवढेच ते कोकणीत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोचून बोलण्याचा भाव मुळीच नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

आता यंत्राला हे का कळले नाही ते पाहू. त्याच्या पोटात एकच महत्त्वाची चिप आहे. या चिपला तीन टोके बाहेर काढलेली असतात आणि प्रत्येक टोकाला दोन रेझिस्टर असतात, एक ६८० ओहमांचा आणि दुसरा ४ लाख ७० हजार ओहमांचा. असे सहा रेझिस्टर आणि चिप, एवढाच या विद्वानाचा मूळ संसार. चिप प्रत्येक टोक कधी ५ व्होल्टला, कधी शून्याला, कधी थेट, कधी यांपैकी एका रेझिस्टरमधून जोडते आणि तिन्ही टोकांवर किती दाब येतो ते पाहते. दाब मोजताना ती ५ व्होल्टचे १०२४ भाग करते. म्हणजे तिची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. पायांची सर्व अदलाबदल करून आलेल्या उत्तरांवरून ती अनुमान काढते: एका दिशेने प्रवाह जातो, उलट जात नाही, तर डायोड, दोन्ही दिशांनी सारखाच जातो, तर रेझिस्टर, आणि असेच पुढे. आंधळ्याने हत्ती चाचपून पाहावा तसा हा प्रकार आहे, मात्र हा आंधळा फार पद्धतशीर आहे. कोणत्या क्रमाने चाचपावे आणि कशावरून काय समजावे, हे सारे चिपमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञावलीत असते. यंत्राच्या अंगातच कायम वस्तीला असलेल्या अशा आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

५ व्होल्टला ६८० ने भागले तर उत्तर साडेसात मिलिअँपियरच्या आतच येते. चिपचा स्वतःचा अंतर्गत रोध आणि तपासल्या जाणाऱ्या भागावर खर्ची पडणारा दाब वजा केला की हाती सुमारे ६ मिलिअँपियर उरतात. आमचा ट्रायक बीटी १३६ या जातीचा होता. त्याचे गेट जागे करण्यास ३५ मिलिअँपियरपर्यंत प्रवाह लागू शकतो, असे निर्माते आपल्या माहितीपत्रकातच सांगतात. ६ मिलिअँपियरच्या टकटकीने ते दार उघडणार कसे? दार उघडले नाही, म्हणून यंत्राला दार दिसलेच नाही. गेट आणि त्याच्या शेजारचा एक पाय यांच्यामध्ये ट्रायकच्या अंगचाच थोडा रोध असतो, तेवढा त्याला सापडला; आणि त्याने प्रामाणिकपणे ‘रेझिस्टर’ म्हणून सांगून टाकले. तो रोध कोणत्या दोन पायांमध्ये आहे, हेही पडद्यावर लिहिलेले होते. जळालेल्या ट्रायकमध्ये मोठ्या वाटेचे दोन पाय जुळलेले दिसावयास हवे होते. ते आकडे मी वाचलेच नाहीत.

येथवर आल्यावर मला वाटले की दोष यंत्राच्या कर्त्याचा आहे. ज्याला ट्रायक ओळखता येत नाही अशा यंत्रावर ‘ट्रायक ओळखतो’ असे लिहावे तरी कशाला? यंत्राबरोबर आलेल्या चिठोऱ्यावर तसे स्पष्ट छापलेले होते. पण विज्ञानाचे सर रजेवरून परतल्यावर त्यांनी मला या यंत्राची कुळकथा सांगितली, आणि माझे मत पालटले.

हे यंत्र मुळात कोणा कारखान्याने रचलेले नाही. जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक या गृहस्थांनी आठ किलोबाइट स्मृतीच्या एका साध्या चिपवर त्याची पहिली रचना केली आणि नकाशा व आज्ञावली दोन्ही सर्वांसाठी खुली ठेवली. पुढे कार्ल-हाइन्ट्स क्यूबेलर यांनी ते काम हाती घेऊन फार वाढविले; बत्तीस किलोबाइटांच्या चिपवर आज जी अनेक मोजमापे होतात ती बहुतांशी त्यांच्या परिश्रमाची फळे आहेत. मार्कुस रेश्के यांनी आणखी एक शाखा चालविली. यंत्र सुरू करताना पडद्यावर जो आवृत्तीचा क्रमांक येतो, त्याच्या शेवटी ‘के’ असेल तर ती क्यूबेलरांची परंपरा आणि ‘एम’ असेल तर रेश्के यांची, असे सरांनी दाखविले. ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते, नकलता येते आणि सुधारता येते, त्या पद्धतीला ओपन सोर्स म्हणतात.

क्यूबेलर यांनी आपल्या यंत्राची एक मोठी पुस्तिका जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिली आहे. सरांनी ती उघडून एक वाक्य माझ्यासमोर ठेवले. त्याचा आशय असा की, काही थायरिस्टर व ट्रायक यांना या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा गेटप्रवाह लागतो, उपलब्ध प्रवाह केवळ ६ मिलिअँपियरच्या आसपास आहे, म्हणून असे भाग ओळखले जाणार नाहीत. झेनर डायोडविषयीही तसेच: साडेचार व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा झेनर त्याला झेनर म्हणून ओळखता येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी कर्त्याला दोष देत होते, ती त्याने स्वतःच लिहून ठेवली होती. आमच्यापर्यंत यंत्र पोहोचले, आज्ञावली पोहोचली; ते वाक्य मात्र वाटेत गळाले.

साहित्याच्या विद्यार्थिनीला येथे एकदम ओळखीचा प्रदेश दिसू लागला. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ नकलून घेत. पोथी खुली असे. ज्याला हवी त्याने बसून उतरून घ्यावी. अशाने ग्रंथ गावोगाव गेले, आणि अशानेच त्यांत पाठभेद शिरले. कोणी ओळ गाळली, कोणी आपल्याला न समजलेला शब्द बदलला, कोणी पदरचे घातले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींची अशी अवस्था पाहून एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पडताळून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण इतिहासात शिकतो. आमच्या साडेसहाशे रुपयांच्या यंत्राची गत पोथीसारखीच झाली आहे. चीनमधील अनेक लहान कारखान्यांनी ही रचना उचलली; कोणी पडदा बदलला, कोणी तारांची मांडणी बदलली, त्या मांडणीला जुळावी म्हणून आज्ञावलीतही फेरफार केले. ते फेरफार नेहमीच कोठे प्रसिद्ध केले जातात असे नाही. क्यूबेलरांच्या पुस्तिकेत या चिनी नकलांसाठी स्वतंत्र भागच घालावा लागला आहे. खुल्या आज्ञावलीची नक्कल करणाराने आपली नक्कल मात्र कुलपात ठेवावी, हा मला यातील खरा अन्याय वाटतो.

कुलूप हा शब्द मी अलंकार म्हणून वापरला नाही. या चिपमध्ये खरोखरच तशी सोय असते. ते कुलूप लावले की आतील आज्ञावली वाचून बाहेर काढता येत नाही. फक्त सगळी पुसून टाकून तेथे नवी लिहिता येते. तेव्हा एखाद्याने मूळ कर्त्याची ताजी आवृत्ती घालावयाचे ठरविले आणि ती त्या बदललेल्या मांडणीशी जुळली नाही, पडदा कोराच राहिला, तर जुनी आज्ञावली परत आणण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरी गळालेली गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. ती म्हणजे अंशशोधन. कोणतेही मापक स्वतःच्या आकड्यांवर आपोआप खरे ठरत नाही. ज्याचे माप आधीच ठाऊक आहे अशा वस्तूशी त्याला ताडून पाहावे लागते. बाजारातील वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो तो एवढ्यासाठीच. आपल्या देशाची विजेच्या मापांची मूळ प्रमाणे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जातात, आणि महागड्या उपकरणांबरोबर त्या प्रमाणांशी परंपरेने जोडलेले प्रमाणपत्र मिळू शकते. आमच्या यंत्राची आज्ञावली काही गोष्टी गृहीत धरून चालते: ५ व्होल्ट म्हणजे ५ व्होल्टच, ६८० म्हणजे ६८० च. चिपच्या आत १.१ व्होल्टचा एक आधार-दाब असतो. लहान कपॅसिटर मोजताना दाब त्या पातळीला येईपर्यंत किती वेळ लागला हे पाहिले जाते. परंतु चिपचे निर्मातेच सांगतात की हा आधार-दाब एखाद्या चिपमध्ये १.० असू शकतो, तर एखादीत १.२. जिची पट्टीच अशी कमीजास्त, तिच्या मापावर किती विसंबावे?

मूळ कर्त्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी यंत्रात स्व-परीक्षेची सोय केली आहे. तिन्ही टोके तारेने एकमेकांस जोडून कळ दाबावयाची. यंत्र मग तारांचा व स्वतःचा रोध मोजून लक्षात ठेवते. नंतर टोके सुटी करावयास सांगते आणि रिकाम्या भोकांचीच जी किंचित धारिता असते तीही टिपून घेते. शेवटी एक चांगला, १०० नॅनोफॅरडहून मोठा कपॅसिटर पहिल्या व तिसऱ्या टोकांत घालावयास सांगते आणि त्यावरून आपल्या आधार-दाबाची चूक सुधारते. सारे काम पाच मिनिटांचे. पण साडेसहाशे रुपयांत पाच मिनिटे कोण देणार? आमच्या यंत्राने ही परीक्षा कधी दिलेलीच नव्हती. चिठोऱ्यावरही तिचा उल्लेख नव्हता. परीक्षेपूर्वी १ ओहमचा चांगला रेझिस्टर त्याने १.३ ओहम दाखविला. परीक्षेनंतर तोच १.० वर आला.

या वर्षी आम्ही आणखी एक यंत्र मागविले. तेच रूप, तोच रंग, तेच चिठोरे. त्याची टोके जोडून कळ दाबली तर स्व-परीक्षेचा प्रश्नच आला नाही. नुसता एक शून्याजवळचा रेझिस्टर दाखवून ते गप्प बसले. नकलणाऱ्याने तो अध्यायच गाळला असावा. दोन जुळ्या यंत्रांत एकच कपॅसिटर घातला की दोन निराळी उत्तरे येतात, आणि पडदा दोन्ही उत्तरे सारख्याच सुबक अक्षरांत लिहितो.

अशा अनुभवानंतर काही लोक म्हणतात की फुकट आणि खुल्या वस्तूंचे असेच व्हावयाचे. हे मला मान्य नाही. आमची चूक आम्हाला समजली ती कर्त्यांनी नकाशा, आज्ञावली आणि पुस्तिका खुली ठेवली म्हणूनच. बंद पेटीतील आज्ञावलीने असे चुकीचे उत्तर दिले असते तर मी आजही त्या मुलाला चूकच समजत बसले असते. उणेपणा आहे तो निराळ्या ठिकाणी. ज्याने लिहिले तो विकत नाही आणि जो विकतो त्याने लिहिलेले नाही. मूळ कर्त्याला विचारावे तर तो म्हणणार, ‘ही माझी प्रत नव्हे’. विक्रेत्याला विचारावे तर त्याला आत काय आहे हेच ठाऊक नाही. उत्तरदायित्व या दोघांच्या मधल्या फटीत पडून जाते.

आता त्या रेग्युलेटरचे काय झाले ते सांगावयास हवे. दोष ट्रायकचा नव्हता, तर ‘१०४’ असे छापलेल्या एका कपॅसिटरचा होता. पंखे दुरुस्त करणारे त्याला कंडेन्सर म्हणतात. १०४ म्हणजे १० वर चार शून्ये, इतके पिकोफॅरड, म्हणजेच १०० नॅनोफॅरड. हा कपॅसिटर भरावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्या उशिराने ट्रायकचे दार उघडते. त्याची धारिता आटून तिसऱ्या हिश्शावर आली होती. तो लगेच भरे, दार लवकर उघडे आणि पंखा भरवेगाने फिरे. हे त्या मुलानेच शोधले, आणि शोधले तेही याच यंत्राने, स्व-परीक्षा झाल्यानंतर. कपॅसिटर यंत्रात खोचण्यापूर्वी त्याचे दोन्ही पाय रेझिस्टरने जोडून त्याने तो रिकामा करून घेतला. हे प्रत्येकाने केलेच पाहिजे, कारण यंत्राची टोके थेट चिपपर्यंत जातात आणि भरलेला कपॅसिटर तिला क्षणात मारून टाकतो.

त्याच वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. तो फार संकोचला. त्याहून अधिक मी. पहिला ट्रायक मात्र केरातून गेला तो गेलाच.

आता कपाटात यंत्राशेजारी काड्यापेटीत चार वस्तू ठेवल्या आहेत: एक टक्का फरकाच्या खात्रीचे १ ओहमचा आणि १००० ओहमांचा असे दोन रेझिस्टर, सरांनी चांगल्या मीटरवर मोजून आणलेला एक कपॅसिटर, आणि त्या मुलाने दिलेला एक बीटी १३६. दर सोमवारी मंडळाचा एक विद्यार्थी चारही वस्तू दोन्ही यंत्रांत घालून उत्तरे वहीत उतरवितो. चौथ्या वस्तूसमोर दर आठवड्याला ‘रेझिस्टर’ असेच लिहिले जाते. दुसऱ्या यंत्रातील आज्ञावली पुसून मूळ कर्त्याची घालावी काय, यावर मंडळात दोन पक्ष आहेत. त्याच्या तारांची मांडणी कागदावर पूर्ण उतरवून होईपर्यंत सरांनी त्याला हात लावू नये असे ठरविले आहे.